वाणात दिलेला पासवर्ड

माझ्या सासूबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात अख्ख्या गल्लीला आमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड वाण म्हणून लुटला. आज हे मी हसत सांगते. त्या दिवशी मात्र माझं डोकं असं फिरलं होतं की हातातला करंडा कुणाच्या तरी पदरात उपडाच झाला असता.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर अत्तींवर अन्याय होईल. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर अर्धं कानडी बोलतं, अर्धं मराठी, आणि भांडताना दोन्ही. म्हणून सासूला अत्ती म्हणायचं. राहतो सोलापुरात, जुन्या पेठेतल्या गल्लीत, जिथं मागच्या आळीतून अजून मागांची खटखट ऐकू येते. नवरा रेल्वेत आहे, होटगीला ड्यूटी. आणि मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. दवाखान्यातले डॉक्टर पेशंट तपासून झाले की बोलून ठेवतात, ते बोलणं कानाला लावून मी रिपोर्ट टाइप करते. कुणाला काय दुखणं आहे, कुणाची गाठ कसली निघाली, हे घरच्यांना कळायच्या आधी मला कळतं. त्यामुळं आमच्या घरात एक नियम पहिल्यापासून होता. मी काम करताना खोलीचं दार बंद, आणि जेवताना कामाचं बोलणं नाही. अत्तींनी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही की आज काय ऐकलंस. बायकांना पोटात काही ठेवता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी माझी सासू दाखवेन.

माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हाच अत्तींच्या कपाळाला विभूती तेवढी होती. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या सकाळीच स्वयंपाकघरात शिरायच्या, तिळाच्या वड्या थापायच्या, शेंगा भाजायच्या, आणि बायका यायच्या वेळेला मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. कुणी बस म्हणायचं नाही, कुणी ऊठ म्हणायचं नाही. सगळं न बोलता ठरलेलं. मला याचा राग यायचा. एकदोनदा मी बोलूनही बघितलं. तर अत्ती म्हणायच्या, "राहू दे की. मला काय त्या प्लॅस्टिकच्या डब्या नकोयत."

मग गल्लीतल्या बायकांच्या मंडळानं ठरवलं की आता सगळ्यांनाच बोलवायचं, नवरा असो नसो. ठरवणं सोपं असतं. पहिल्या वर्षी अत्ती कुणाकडंच गेल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वदिनाकडं गेल्या, दारातल्या खुर्चीत बसल्या आणि तीळगूळ घेऊन परत आल्या. वदिना म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या तेलुगू घरातली सून. टॉवेलांना काठ शिवायचं काम घरी करते, मशीन दिवसभर चालू. तेलुगूत वहिनीला वदिना म्हणतात, म्हणून तिला सगळी गल्ली वदिनाच म्हणते. आणि यंदा, भोगीच्या दिवशी भाकरी थापता थापता अत्ती मला म्हणाल्या, "औंदा मीबी वाण देणार."

मला इतका आनंद झाला की मी काय देणार हेसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, द्या की! बोळातल्या दुकानातून वाट्या आणून देऊ का? तर म्हणाल्या, "माझं मी बघते. तू फक्त कुंकू लाव."

हळदीकुंकवाला बायका आल्या. मी कुंकू लावत होते, अत्तर लावत होते, आणि अत्ती पाटावर बसून ओंजळीत तीळगूळ आणि त्याच्याबरोबर पिवळ्या कागदाची एकेक चिठ्ठी देत होत्या. मला वाटलं श्लोक असेल, नाहीतर एखादं वचन. वदिनानं चिठ्ठी उघडली आणि एकदम ओरडली, "अय्यो, मावशी! वाय-फाय?"

गोलगोल अक्षरात वर आमच्या वाय-फायचं नाव, खाली पासवर्ड. घराचा जुना नंबर आणि माझ्या मुलीचं लाडकं नाव, तोच.

 चार बायकांसमोर सासूला काय बोलणार? अत्ती मात्र खुशीत सांगत होत्या, "वाट्या-डब्या सगळ्यांकडं ढीगभर हायत. माळ्यावर जातात. हे माळ्यावर जाणार न्हाय. पोरींचा अभ्यास हुतो, बाळंतीण लेक दिसते. महिन्याला पैसे आम्ही भरतोच, चार घरांनी वापरलं म्हणून ते काय आटत न्हाय." बायका हसायला लागल्या, टाळ्या वाजवल्या. समोरच्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. काकू म्हणजे आमच्या गल्लीचं शास्त्र. गौरी कधी उभ्या करायच्या, कुणी आधी ओवाळायचं, सगळं त्यांना विचारून. त्यांनी ती चिठ्ठी दोन बोटांत धरून उलटसुलट बघितली आणि कमरेला खोचली. जाताना दारात कुणाशी तरी हळूच म्हणाल्या, "विधवेच्या हातचं वाण. निभलं म्हणजे झालं." मी ऐकलं. अत्तींनीही ऐकलं असणार, कारण त्या एकदम परातीतले तीळ गोळा करायला लागल्या.

बायका गेल्यावर मी अत्तींना फैलावर घेणार होते. शब्दही तयार होते. पण त्या पाटावरच बसून होत्या, पदराला तीळ चिकटलेले, आणि चेहरा असा फुललेला की मी तो या घरात आल्यापासून बघितला नव्हता. म्हणाल्या, "कसं झालं गं?" मी म्हटलं, "झकास झालं." दुसरं काय म्हणणार!

पुढचे काही दिवस गंमतच होती. आमच्याकडं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळ्या गल्लीच्या बातम्या नळावर कळतात. एका पाण्याच्या दिवशी कळलं की गिरणीवालीच्या मुलीनं आमच्या वाय-फायवर परीक्षेचा फॉर्म भरला. वदिना ब्लाउजच्या गळ्याचे नवनवे प्रकार बघून शिवायला लागली. आणि समोरच्या काकू, ज्यांनी दोन बोटांत चिठ्ठी धरली होती, त्या रोज सकाळी आपल्या ओट्यावर, आमच्या घराकडच्या कडेला पाट टाकून बसायच्या आणि मोबाइलमध्ये बेंगळुरूच्या लेकीच्या तान्ह्या बाळाची अंघोळ बघायच्या. "अगं पाणी कढत हाय, बघ की हात घालून!" असं त्या हितून ओरडायच्या आणि तिकडं बाळ रडायचं. अत्ती खिडकीतून ते ऐकत शेंगा सोलत बसायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण त्या वेळी त्यांना हाक मारलेली चालायची नाही.

आता दुसरी बाजू. एका रविवारी आमच्याकडं नवऱ्याचे साहेब चहाला आले होते. टीव्हीवर प्रवचन चालू होतं. मधेच ते बंद पडलं आणि आपोआप दुसराच व्हिडिओ सुरू झाला. मूळव्याधीवर घरगुती उपाय, आकृत्यांसकट. रिमोट टेबलावर, कुणी हात लावलेला नाही. साहेब चहाकडं बघायला लागले, नवरा छताकडं. गल्लीतल्या कुणीतरी आपल्या मोबाइलवरून आपल्या टीव्हीवर पाठवायला जाऊन तो आमच्या टीव्हीवर पाठवला होता. कुणाचं दुखणं ते मला अजून कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

हसून हसून पोट दुखलं आमचं. पण चारच दिवसांनी आमचा प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि त्यातून एका मुलीचा लग्नाचा बायोडेटा बाहेर आला. उंची, रास, मामाचं गाव, सगळं. गल्लीतलीच मुलगी, आणि तिच्या घरचे नळावर छातीठोक सांगत होते की एवढ्यात लग्न करायचंच नाही. मी तो कागद घडी घालून गुपचूप नेऊन दिला. परत येताना मात्र माझ्या मनात आलं, त्यांचा कागद माझ्या प्रिंटरमधून निघतो, तर माझे कागद कुठून निघतील?

मी तडक वदिनाकडं गेले आणि तिचा मोबाइल मागून घेतला. वाय-फायवर काय काय जोडलेलं आहे ते उघडलं. त्यात आमचा टीव्ही, आमचा प्रिंटर, आणि खाली माझ्या कॉम्प्युटरचं नाव.  घरी येऊन बघितलं तर रिपोर्ट सगळे कंपनीच्या कुलूपबंद जागेत होते, ते कुणाच्या हाती लागण्यासारखे नव्हते, देवाची कृपा. पण दार मोकळंच होतं.

मग मी हात धुऊन त्या डब्याच्या मागं लागले. आपण त्याला वाय-फाय म्हणतो, खरं तर तो कोपऱ्यात लुकलुकणारा डबा. वाचून काढलं, व्हिडिओ बघितले, डबा बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक शोधलं. तर असं समजलं की डबा बिचारा मुळात चांगला असतो. हवेतून जे जातं ते तो असं गुंडाळून पाठवतो की रस्त्यावर उभं राहून कुणी ते सहजी वाचू शकत नाही. पासवर्ड लांब आणि आडवातिडवा असेल तर तो सहसा फोडता येत नाही. याचं मला कौतुकच वाटलं. वीतभर लांबीची वस्तू, दोन शिंगं, आणि केवढं काम करते! फितूर असतो तो माणूस. आमचा पासवर्ड, चिठ्ठ्या वाटल्या नसत्या तरी, गल्लीतल्या कुणालाही चहा पिता पिता सुचला असता. शिवाय डब्याच्या आत शिरून सगळं बदलायचं जे वेगळं दार असतं, त्याचा पासवर्ड केबलवाल्यानं बसवून दिला त्या दिवसापासून कारखान्यातून आला तोच. तो डब्याच्या पोटावर छापलेला. म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच खिळ्याला अडकवून गावाला जायचं. पासवर्डशिवाय बटण दाबून जोडायची सोय, तीही चालू. आणि डब्याच्या आतली दुरुस्ती, जी अधूनमधून करून घ्यायची असते, ती आम्ही कधीच केलेली नव्हती.

मोबाइल हातात धरून मी गल्लीतून चालत गेले, आमचं वाय-फाय कुठवर पोचतं बघायला. वदिनाच्या अंगणात भरपूर. गिरणीच्या बाकड्यावर चांगलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशीही एक रेघ शिल्लक. आम्ही घराला लोखंडी जाळी बसवलेली, तिला कुलूप, आत लाकडी दार, त्याला कडी. आणि हे आपलं भिंतीतून आरपार जाऊन दुकानापाशी उभं. मला हसूही येईना.

त्याच सुमाराला, उन्हाळा तापायला लागला होता, पुण्याहून कंपनीचा मेल आला. घरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या वाय-फायची तपासणी होणार. व्हिडिओवर ऑफिसातल्या एक मॅडम बघणार, डब्याच्या आतल्या सेटिंग दाखवायच्या. आणि एक प्रश्न सरळ विचारलेला: तुमच्या घराबाहेरचं कुणी हे वाय-फाय वापरतं का? वापरत असेल तर बंद होईपर्यंत पुण्याच्या ऑफिसात येऊन काम करायचं.

 पुण्याला जाणार कशी? नवऱ्याची ड्यूटी हितं, मुलीची शाळा हितं, अत्ती हितं. मी फोन करून विचारलं की डब्यात पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय करायची सोय आहे, गल्लीला तिकडं टाकलं तर? मॅडम चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, "पेशंटची माहिती आहे हो. आमचा नियम स्पष्ट आहे, बाहेरचं कुणी नको. त्या लाइनवरून कुणी काही उद्योग केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील, हेही लक्षात घ्या." बरोबरच होतं त्यांचं.

नवरा म्हणाला, "नाही म्हणून लिही की. कोण येतंय सोलापुरात बघायला?" मी म्हटलं, खोटं लिहायला माझा हात वळणार नाही, त्यापेक्षा पासवर्ड बदलून टाकते आणि गल्लीत सांगते, डबा बिघडला. नवऱ्याला ते पटलं. मलाही पटलं होतं. कुणाचं मन दुखवायचं नाही, काही नाही. चार दिवस चौकशी करतील आणि विसरतील.

अत्ती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आम्हाला वाटलं होतं त्या ताक घुसळतायत.

"बिघडला म्हणून सांगणार?" त्या म्हणाल्या. "माझं वाण बिघडलं म्हणून?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नोकरी माझी होती, पण पणाला लागलं होतं ते त्यांचं. इतक्या वर्षांनी मागच्या खोलीतून त्या पुढच्या पाटावर येऊन बसल्या होत्या. पहिलंच वाण दिलं, आणि उन्हाळ्याच्या आत ते बंद पडलं म्हटल्यावर काय बोललं जाईल हे त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक. निभलं म्हणजे झालं, असं जे दारात बोललं गेलं होतं, ते नळावर मोठ्यानं बोललं गेलं असतं. पुढच्या संक्रांतीला अत्ती परत मागच्या खोलीत.

मी म्हटलं, "अत्ती, मी पुण्याला जाते. थोडे दिवस. मग बघू." खरंच म्हणाले मी. मनापासून.

अत्ती उसळल्या, "येडी का खुळी तू? दुसऱ्याच्या दुखण्याचे कागद हायत ते. माझ्या वाणासाठी ते रस्त्यावर मांडायचे?" मग पदर खोचला. "मी दिलं, मीच मागून आणते. घरोघर जाऊन सांगते. आदी सांगणार, मग तू बदल. न सांगता कुलूप बदलायचं न्हाय."

मी म्हटलं, त्याच्या बदली वाट्या तरी देऊ या. तर म्हणाल्या, "वाटी देऊन तोंड बंद करायचं व्हय? आदी तोंडानं खरं सांगू."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर निघालो. रस्ता तापलेला, अत्तींनी डोक्यावरून पदर घेतलेला. मी मागं मागं. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या बाईचा जो अभिमान वाटला तो मला माझ्या कुठल्याही प्रमोशनचा वाटला नाही. प्रत्येक दारात तेच बोलणं, एकही शब्द इकडंतिकडं नाही. "वाण परत न्यायला आले. सुनेचं काम पेशंटच्या कागदांचं हाय, बाहेरचं कुणी वापरायचं न्हाय असा नियम हाय. मला द्यायच्या आदी कळलं न्हाय. आजपासनं बंद हुणार."

वदिनानं मशीन थांबवलं. "एवढंच व्हय मावशी? माझ्या मोबाइलातनं आताच काढते की," म्हणाली आणि माझ्यासमोर काढलं. शिवाय अत्तींना बळंबळं सरबत पाजलं. गिरणीवालीचं तोंड जरा उतरलं. तिची मुलगी म्हणाली, "जाऊ दे आज्जी, माझा फॉर्म भरून झालाय." एका घरी मात्र सून आतून बोललेली ऐकू आली, "दिलेलं वाण कुणी परत मागतं का? ऐकलं न्हाय बाई कधी." अत्ती दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मीबी ऐकलं न्हाय. माझ्यापासनं सुरू." आणि पुढच्या दाराकडं चालायला लागल्या. त्यांचा आवाज कापला नाही. 

समोरच्या काकूंचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. आपल्याच दारासमोर, तरी शेवटी.

ती तपासणी कशी झाली हे हितंच सांगून टाकते, कारण त्याचं पुढं काही महत्त्व उरत नाही. मॅडमनी पुढच्या आठवड्यात सगळं बघितलं. आतल्या दाराचा नवा पासवर्ड, बटणाची सोय बंद, दुरुस्ती केलेली, जोडलेल्या यादीत फक्त घरच्या वस्तू. बाहेरचं कुणी वापरतं का, नाही. ते नाही मी मान ताठ ठेवून म्हणाले. माझी नोकरी घरातच राहिली.

तर काकूंचं घर. काकू ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या, मोबाइल शेजारी. आम्हाला आत बोलावलं, सतरंजी टाकली. अत्तींनी तेच सगळं सांगितलं. काकू ऐकत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मी मनात तयारी करत होते. एक जरी शब्द वाकडा बोलल्या तर मी माझ्या तोंडाला लगाम घालणार नव्हते.

काकूंनी फक्त विचारलं, "म्हंजे बाळाची अंघोळ बंद?"

अत्तींनी मान खाली घातली. "व्हय."

 काकूंनी कमरेतून चिठ्ठी काढली. तीच पिवळी, घड्या पडून मऊ झालेली. जपून ठेवली होती त्यांनी. ती अत्तींच्या हातात दिली आणि उठून आत गेल्या. आम्हीही उठलो.

आमच्याकडं घरी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. काकू करंडा घेऊन बाहेर आल्या. करंडा दिसला की अत्ती काय करतात हे मला पाठ आहे. त्या हळूच उठतात, दारात जातात आणि चप्पल शोधायला लागतात. चप्पल समोर असली तरी शोधतात. समोरच्या बाईची पंचाईत होऊ नये म्हणून. काकूंनी मला कुंकू लावलं तोवर त्या दारात पोचल्या होत्या, पाठमोऱ्या, एका पायात चप्पल.

"अक्का," काकू म्हणाल्या, "कुटं चालला? थांबा की."

अत्ती वळल्या. काकू करंडा घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. अत्ती मागं सरकल्या. "अवो, मला..."

"मला कळत न्हाय व्हय?" काकूंचा आवाज चढला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाण देताना तुमी पाटावर बसलात, आमी सगळ्या घेऊन आलो. एकीचाबी हात तुमच्या कपाळापर्यंत गेला न्हाय. मी तर भलतंच बोलले. आज तुमी मागायला आलात, उन्हातानाचं, घरोघर. मोकळ्या कपाळानं पाठवू?"

आणि त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, विभूतीच्या खाली, अंगठ्यानं दाबून. अत्ती डोळे मिटून उभ्या होत्या. मी रडले. लपवायचं काय त्यात! ओट्यावर येऊन, सगळ्या गल्लीला दिसेल अशी रडले.

घरी आल्यावर अत्ती आरशासमोर गेल्या नाहीत आणि कपाळ पुसलंही नाही. पाणी प्यायल्या. मी लगेच डब्यासमोर बसले आणि पासवर्ड बदलला. चांगला लांबलचक, आमच्या घराशी ज्याचा काही संबंध नाही असा. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घातला, टीव्हीत घातला. अत्तींचा टॅब राहिला होता, ज्यावर त्या कानडी भजनं ऐकतात. मी म्हटलं, "या, तुम्हाला सांगते, लिहून घ्या."

त्यांनी टॅब माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडं केलं.

"तूच टाक. मला सांगू नकोस."

"अहो, तुमच्यापासून काय लपवायचंय? घरच्याच आहात की."

"लपवायचं न्हाय गं," अत्ती भिंतीकडं बघतच म्हणाल्या. "पुढल्या संक्रांतीला परत वाण द्यायचंय मला. ठाऊक असलं तर देऊन बसीन."